शुक्रवारचा आवाज

दुकानदाराने मोठा कॉम्प्युटर पुढे सरकवला, तसं वामनरावांनी विचारलं, “वीज किती खातो?”

“काका, सर्व्हर म्हटल्यावर थोडी खाणारच.”

“मग उचला. आमच्याकडे शुक्रवारी दिवसभर वीज नसते. इन्व्हर्टरवर संध्याकाळपर्यंत टिकेल असा द्या.”

पत्नी प्रमिलाने अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली होती. मुलं ती आपापल्या फोनवर, वामनरावांच्या कॉम्प्युटरवरून ऐकत. पण शुक्रवारी इन्व्हर्टर उतरून दुपारीच तिचा आवाज बंद पडे. ती गेल्यापासून त्यांना हे सोसवत नव्हतं.

“बाबा, आईचा आवाज क्लाउडवर, एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर भाड्याची जागा घेऊन ठेवू,” सोबत आलेला मुलगा हेमंत म्हणाला.

“तुझी आई भाड्याच्या घरात जाणार नाही.”

त्यांनी बल्बाएवढी वीज खाणारी, कॉम्प्युटरची वीतभर पेटी निवडली.

शुक्रवारी वीज गेली. हेमंत घामाघूम झाला. “बाबा, पंखा इन्व्हर्टरवर नाही?”

“काढला,” पेटीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घेत वामनराव म्हणाले. “वाचू दे तिला.”