घरासाठी लेथ

“मोठंच लेथ मशीन दाखवा,” निवृत्त झालेले दिगंबरराव म्हणाले. घरी लाकूड कातायची त्यांची जुनी हौस होती. दुकानदाराने आधी छोटं सुरू केलं. दिगंबररावांची बायको शैला कौतुकाने वाकली आणि तिचा पदर गरगर फिरणाऱ्या लाकडाभोवती गुंडाळला गेला.

तिची मान खाली ओढली जाऊ लागली. दिगंबरराव बटण शोधत नुसतंच मशीन चाचपत राहिले. तेवढ्यात ताणाने मोटरीचा पट्टा घसरला आणि मशीन थांबलं.

“मोठं असतं तर थांबलं नसतं,” पदर कापताना दुकानदार पुटपुटला.

“नकोच आपल्याला काही,” दिगंबरराव म्हणाले.

शैलाने त्यांचा हात धरून बटणावर ठेवला. “हेच घेऊ. पण आधी बंद करायला शिका.”