दाजींचा कान

"काय खर्ज आहे! भिंत हादरली, भिंत!" म्हणत दाजी खांबेट्यांनी शेजाऱ्याच्या मांडीवर अशी थाप मारली की तो बिचारा कळवळला. रेडिओवर शास्त्रीय संगीताचा सप्ताह चालला होता आणि आळीतली मंडळी रेडिओ सोडून दाजींच्याच तोंडाकडे बघत बसली होती. दाजींचा कान म्हणजे काय सांगू, सुतारपक्ष्याने झाडावर चोच मारली तरी ते ताल ओळखायचे. म्हणजे, असं ते स्वतःच सांगायचे.

"असा विलंबित गायला पुरुषाची छाती लागते. बायकांचं काम नव्हे ते," असं म्हणून त्यांनी दाराशी पदराला हात पुसत उभ्या असलेल्या बायकोकडे मुद्दाम पाहिलं. लग्न होताच मंदाकिनीबाईंचा तंबोरा त्यांनीच माळ्यावर टाकला होता. तो रोज खाली यायचा, पण दाजी ऑफिसात गेल्यावर.

गाणं मध्येच थांबलं. निवेदिका म्हणाली, "क्षमस्व. ही ध्वनिफीत चुकून निम्म्या वेगाने वाजली. तेच गायन आता योग्य वेगात ऐकू या. गायिका आहेत मंदाकिनी खांबेटे."

सगळ्या माना एकदम दाराकडे वळल्या. दाजींच्या तोंडातला चहा आतही जाईना, बाहेरही येईना. पण गडी खमका! घोट गिळून म्हणाले, "मी ओळखलंच होतं! शेवटी गळा आमच्या घराण्यातला!"

बाईंनी पुढे होऊन रेडिओचा आवाज वाढवला.

"अहो, जरा गप्प बसा. मी गातेय."