उभं राहायचं, बसायचं

इतिहासाच्या पुस्तकात ज्यूंचा संहार चार ओळींत उरकलाय, म्हणून मी स्वतःच गोष्ट लिहिली आणि आठवीच्या वर्गात वाचून दाखवली. नाझी जर्मनीतली शाळा. गोष्टीतल्या बाई वर्गात येऊन म्हणतात, "ज्यू मुलांनी उभं राहा." दोन मुलं उभी राहतात. पुढे दोघांनाही छावणीत मारलं जातं.

मी वही मिटली.

"बाई, हे परीक्षेला आहे का?" तेजश्रीनं विचारलं.

"नाही! उभं राहताना त्या मुलांना काय वाटलं असेल, ते सांगा."

पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरून नाशिकला हॉस्टेलात आलेला हिरामण म्हणाला, "काय नाय वाटत बाई. उभं राहायचं, बसायचं."

माझं डोकंच फिरलं. "दगड आहात नुसते! सगळ्या वर्गासमोर असं वेगळं काढतात, आणि म्हणे काही वाटत नाही!"

तेवढ्यात शिपाई शिष्यवृत्तीचे फॉर्म घेऊन आला. रागातच मी त्याच्या हातातून गठ्ठा घेतला आणि वर्गाकडे वळले.

"चला, मागासवर्गीय मुलांनी उभं राहा."

माझं वाक्य संपायच्या आतच हिरामण उभा राहिला होता.