मास्तरांचा पहिला नियम

"पत्र कधी हरवत नसतं. हरवतो तो माणसाचा व्यवस्थितपणा," पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी त्यांचा वर्ग भरायचा. विद्यार्थी सगळे साठीच्या पुढचे. मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पदवी काही सुटली नव्हती.

पडद्यावरचा ईमेलचा प्रोग्राम फुकट होता. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बांधलेला. कुणीही उघडून बघावा, सुधारावा. लोक मात्र त्यात पत्र वाचायचे, पत्र पाठवायचे आणि बंद करायचे. मास्तरांच्या मते हे फुकट मिळालेला घोडा नुसता दारात बांधून ठेवण्यासारखं होतं.

"त्याला कामाला लावा! हे बघा, नियम. कुणाचं पत्र कुठल्या खणात टाकायचं, ते एकदा सांगून ठेवायचं. पुढचं तो बघतो. आधी वरचा नियम चालतो, मग खालचा. वरच्याने पत्र पुसलं, तर खालच्यापर्यंत ते जातच नाही."

"आणि नको असलेल्या माणसाचं पत्र?" शिंपीकाकांनी विचारलं.

"त्याचंच औषध मी सगळ्यात वर ठेवलंय." मास्तर खुशीत आले. "एक गृहस्थ होता. चिकट. एक पत्ता बंद केला की दुसऱ्या पत्त्यावरून लिहायचा. मी म्हटलं, पत्त्याचा नादच सोडा. पाठवणाऱ्याच्या नावात त्याचं आडनाव दिसलं की माझं तयार उत्तर आपोआप जातं आणि पत्र कायमचं पुसलं जातं. कचऱ्याच्या टोपलीतसुद्धा राहत नाही. मला पत्ताही लागत नाही. तेव्हापासून रक्तदाब कसा छान आहे!"

वर्ग हसला. शिंपीकाकांनी वहीत लिहून घेतलं.

त्याखालच्या दुसऱ्या नियमाबद्दल मास्तर वर्गात कधी बोलत नसत. तो मुलीसाठी होता. तिचं नाव दिसलं की संगणकाने घंटा वाजवायची.

मुलगी मनाजोगतं लग्न करून निघून गेली, त्या दिवशी बाप जे बोलला ते चारचौघांत सांगण्याजोगं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरचा फोन नंबर बदलला. "काळजी असेल तर लिहील," असं बायकोला सांगितलं आणि तिच्यासमोर बसून घंटेचा नियम करून दाखवला. तेवढंच त्यांच्या रागात मऊ होतं.

पुढे बायको अंथरुणाला खिळली. घंटा ऐकू यावी म्हणून तिने पलंग संगणकाशेजारी सरकवून घेतला.

"आलं का हो काही?"

"घंटा वाजली का? मग!"

"तुम्हीच दोन ओळी टाका ना. लहान होणार आहात का त्याने?"

"आधी तिने लिहायचं. चूक तिची आहे."

बायको भिंतीकडे तोंड करून पडायची. मास्तरांना तिचा राग यायचा, मुलीचा त्याहून जास्त. शेवटच्या दिवसांत तर बायकोने विचारणंही सोडलं. नुसती संगणकाकडे बघत राहायची. ती गेली तेव्हा मास्तरांनी मुलीला कळवलं नाही. आई जिवंत असताना जिने चार शब्द लिहिले नाहीत, तिला आता कशाला? नातेवाइकांनी विचारलं तर म्हणायचे, "दगड जन्माला घातला आम्ही."

"चला," मास्तर वर्गाला म्हणाले, "आता प्रत्येकाने मला एक पत्र पाठवा. काहीही लिहा."

पडद्यावर एकेक पत्र येऊन पडू लागलं. शिंपीकाकांनी तब्येत विचारली होती. कुणी नुसतंच 'नमस्कार' लिहिलं होतं. सगळ्यांची आली, फक्त दारापाशी बसलेल्या नर्सबाईंचं आलं नाही. बाई याच महिन्यापासून येऊ लागल्या होत्या.

"बाई, तुमचं?"

"पाठवलं की."

"पाठवलं असतं तर आलं असतं. परत पाठवा."

बाईंनी परत पाठवलं. पडद्यावर काहीच आलं नाही.

"पोस्टात माझी हयात गेली, बाई. 'मी टाकलंय, तुमच्याकडूनच गहाळ झालं,' असं म्हणणारे रोज खिडकीशी यायचे. घरी गेले की पत्र खिशातच सापडायचं!"

वर्गात खसखस पिकली. बाईंचा चेहरा उतरला.

"पोचलंय हो, मास्तर," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचं उत्तरसुद्धा आलंय. दोन्ही वेळा तेच."

"मी कुठे उत्तर दिलं? वाचा बघू."

बाई घुटमळल्या. मग अडखळत वाचू लागल्या, "'या घरात तुमचं आता कुणी नाही. पुन्हा लिहू नये.' मास्तर, माझं काही चुकलं का? मी तर फक्त 'घरी सगळे बरे आहेत ना' एवढंच विचारलं होतं."

मास्तर लगबगीने बाईंच्या संगणकापाशी गेले, चष्मा वर करून त्यांचं पूर्ण नाव वाचलं आणि कपाळाला हात लावून हसत सुटले.

"अहो, तुमची काही चूक नाही! चूक माझ्या नियमाची. माघारी आलं ते उत्तर तुमच्यासाठी नाही, ते माझ्या जावयासाठी लिहून ठेवलंय. तुमचं आणि त्याचं आडनाव एकच निघालं, बघा!"

वर्गही हसला. बाईंच्या जिवात जीव आला.

"माझं कुठलं हो ते, मास्तर?" त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचं. लग्न झालं की पोरीचं बदलतंच ना."