निरोपाची पोच

वडील गेल्यावर आठ महिन्यांनी, १९७४ साली, मी रजेवर कडेगावला आलो. फौजेत मी वायरलेसवर होतो. सोप्यात माणसं जमली, आई माझ्या लोखंडी पेटीवर बसून ऐकत होती.

"तारेबिगर निरोप पोचला ह्ये कळतं कसं रं?" शेजारच्या नाथाजीकाकांनी विचारलं.

मी ऐटीत म्हणालो, "आवं काका, पलीकडच्यानं तोच निरोप परत म्हणून दाखवायचा. त्याचं उत्तर आलं न्हाई, तर निरोप पोचलाच न्हाई असं धरायचं."

आईचा चेहरा एकदम उजळला.

"तरीच! याचं वडील आजारी पडलं तवा मी मास्तरांकडनं चार पत्रं लिवून घेतली. जाईपत्तर ते ईचारत हुतं, पोराचं उत्तर आलं का. लोकं म्हणली, पोरगं फिरलं. पोचलीच न्हाईत व्हय रं माजी पत्रं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"न्हाई आई. एकबी न्हाई पोचलं."


चारही पत्रं, फोडून वाचलेली, ती बसली होती त्याच पेटीत होती.