नमुन्यातला समुद्र

प्र. ४ (आ). जगाच्या नकाशा आराखड्यात पुढील पाच जलाशय निळ्या रंगाने भरा. प्रत्येकी दोन गुण.

"चारच भरलेत," पर्यवेक्षक म्हणाले. "पाचवा कुठंय?"

"आहे की सर. हा काय." सातवीतली मुलगी टेबलावर वाकली. वर्गात तिला सगळे भिंगरी म्हणत. अरल समुद्राच्या जागी तिनं पेन्सिलीनं बारीक ठिपके दिले होते, नकाशाच्या सूचीत वाळवंटाला असतात तसे. उत्तरेच्या टोकाला नखाएवढा निळा.

"हा समुद्र?"

"उरलाय तेवढा."

भूगोलाच्या बाई शेजारीच उभ्या होत्या. ठिपक्यांपुढची लाल टिक त्यांची. दोन गुणही त्यांनीच दिलेले.

पर्यवेक्षकांनी पेपराच्या बाजूला नमुना उत्तरपत्रिका ठेवली. ती त्यांनी स्वतः रंगवली होती. तिच्यात अरल समुद्र काठोकाठ भरलेला.

हे दोन गुण गेले की पस्तिसाचे तेहतीस. नापास झालेल्याला शाळेच्या रिले संघात जागा नाही, आणि संघातली शेवटची धाव भिंगरीची. शर्यत शनिवारी.

"सदतीस मुलांनी निळा भरलाय. सदतीस! तू एकटीच शहाणी?"

"त्यांनाही माहितीये, सर. नद्या कापसाच्या शेतांकडे वळवल्या, म्हणून आटला. बाईंनी फोटो दाखवले होते. वाळूत उभी जहाजं."

"माहितीये, तर मग निळा का भरला त्यांनी?"

भिंगरीनं बाईंकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे.

रिकाम्या जागा भरा.
खरं काय ते डोक्यात ठेवा, पण पेपरात ________ लिहा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी हे वाक्य वर्गात असंच मध्ये सोडलं होतं. सदतीस मुलांनी एका सुरात भरलं: पुस्तकातलं! अडतिसावीनं विचारलं होतं, "का पण?" तेवढ्यात घंटा झाली आणि बाईंनी फळा पुसायला घेतला. घंटा झाली नसती तरी त्यांनी फळाच पुसला असता.

"हे बघ बाळ." पर्यवेक्षकांचा आवाज मऊ झाला. त्यांनी पेल्यातून निळी पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. "मी काही तुझ्या वाइटावर नाही. पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. एवढी जागा भरून टाक. गुण तुझे. शनिवारी पळ खुशाल."

तिनं पेन्सिल घेतली. टोक बोटाला लावून पाहिलं. नकाशावर टेकवलं. बाईंनी श्वास रोखला, आणि त्यांना कळलं की आपण तो तिनं भरावं म्हणूनच रोखलाय. भर गं बाई. मिटव एकदाचं.

"पण सर, पाणी कुठून आणू?"

"नाटकं नकोत."

"नाटकं नाही." तिनं पेन्सिल टेबलावर ठेवली. ती घरंगळत कडेपर्यंत गेली, तशी तिनंच अडवली आणि पुन्हा सरळ ठेवली. "मी नाही भरणार."

"आणि शनिवारी?"

"दुसरं कोणीतरी पळेल." तिनं ओठ घट्ट मिटले. "हळू पळेल, पण पळेल."

पर्यवेक्षक खुर्चीत मागे रेलले. "बघा बाई. ही तुमची शिकवण. इथं खाडाखोड करून शून्य लिहा आणि सही करा. दोन सह्यांशिवाय गुण बदलत नाहीत, नाहीतर मीच केलं असतं." थोडं थांबून म्हणाले, "तुमचा कायम होण्याचा कागदही माझ्याच खणात आहे अजून. आठवलं म्हणून सांगतो."

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं. भिंगरीनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

बाईंनी कागद जवळ ओढला.

"अहो, तो नाही. तो माझा."

"हो ना. तपासायचा राहिला होता."

पहिला जलाशय. टिक. दुसरा. टिक. तिसऱ्यावर त्या क्षणभर थांबल्या, किनारा नीट पाहिला, टिक. चौथा. टिक. कोणत्याही मुलाचा पेपर तपासतात तशाच, सावकाश. पाचव्यावर त्यांनी फुली मारली. कोपऱ्यात लिहिलं: दहापैकी आठ. भोवती गोल. खाली सही. तारीख.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"माझी सही हवी होती ना, सर? केली. तिच्या पेपरावर आधीच आहे, ती तशीच राहील."

"मग त्या सदतीस जणांचेही कापा! त्यांना का सोडता?"

"ती चूक त्यांची नाही. मी सांगितलेलं त्यांनी केलं." बाईंनी टोपण लावलं. ते दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. "पुढच्या तासाला वर्गात सांगणार आहे तसं. तुम्ही या हवं तर. मागचा बाक रिकामा असतो."

पर्यवेक्षकांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि आपल्याच नकाशावरच्या फुलीकडे बघत राहिले.

भिंगरी टाचा उंचावून त्यांच्या खांद्यावरून वाकली. पाचव्या जलाशयावर बराच वेळ तिची नजर फिरली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "एक तरी गुण द्या त्यांना. रंग रेषेबाहेर कुठंच गेलेला नाही."