बाहेरची हवा

“गाडीतलं तुला काही कळत नाही. गॅरेजात तोंड उघडायचं नाही,” असं यांनी घरूनच बजावलं होतं. मी शब्द पाळणारी बाई, मागच्या सीटवर गुमान माळ ओढत बसले.

जव्हारच्या गोरख मेकॅनिकने बाहेरची हवा बंद करायचं बटण चार वेळा दाबलं. आतून नुसती टकटक यायची, पण झडप काही मिटेना आणि रस्त्याची सगळी धूळ गाडीत.

“मोटरच गेली रे! नवीन टाक आणि मोकळं कर. अकराला सूर्यमाळच्या शाळेत पोचायचंय मला, शब्द दिलाय,” हे म्हणाले.

गोरखने मोटर सोडवली, वायर लावून हातातच फिरवून पाहिली. “मोटर ठणठणीत आहे, गुरुजी. झडपेतच काहीतरी अडकलंय.”

डॅशबोर्डच्या कप्प्यामागे हात घालून त्याने गुटख्याच्या सात रिकाम्या पुड्या बाहेर काढल्या.

“वहिनींच्या का ह्या?” त्याने हसत विचारलं.

मी माळेचा पुढचा मणी ओढला. मोटर परत बसेपर्यंत यांनी पैसे मोजून ठेवले.

&nbsp;

गाडी चालू करून हे दीडशे मुलांना तंबाखूमुक्तीची शपथ द्यायला निघाले.